देऊळ आणि देवराई

मोठें देऊळ किंवा एखादें भव्य प्रार्थनामंदिर पाहून बाहेर आलेला सुशिक्षित मनुष्य हटकून एक उपमा देतो. खांबांच्या रांगांस तो झाडांचे बुंधे म्हणतो, कमानींस फांद्या म्हणतो, आणि वरच्या अंधुक उजेडांत त्यास पानांतून गळणारें ऊन दिसूं लागतें. उलट, दाट रानांतून परतलेला मनुष्य सांगतो कीं, आंत शिरतांच आपण देवळांत आलों असें वाटलें. उपमा अशी दोन्ही बाजूंनीं चालूं लागली म्हणजे ती फार हातांतून गेली आहे असें समजावें; आणि फार हातांतून गेलेल्या नाण्याप्रमाणें तिच्यावरचा छापहि पुसट झालेला असतो. ती खरी किती आणि संवयीची किती, हें एकदां नीट तपासून पाहावें, असा या लेखाचा हेतु आहे.

हा तपास केवळ रसिकतेच्या हौसेखातर नाहीं. देऊळ आणि रान यांचें नातें काय, या प्रश्नाचें उत्तर आपल्या खेड्यापाड्यांतून आज कुऱ्हाडीनें आणि सिमेंटानें दिलें जात आहे. तें उत्तर चुकलेलें आहे असें माझें मत झालें आहे. आणि त्या चुकींत माझाहि थोडा वाटा आहे. त्याविषयीं शेवटीं लिहीन.

आधीं उपमेचा इतिहास पाहूं. युरोपांत ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बळावली. शाकुंतलाच्या स्तुतीमुळें आपल्या वाचकांस परिचित असलेला जर्मन कवि गटे यानें १७७२ सालीं, ऐन तारुण्यांत, स्ट्रासबुर्ग येथील गॉथिक मंदिरावर एक निबंध लिहिला आणि त्या इमारतीस ईश्वराच्या विशाल वृक्षाची उपमा दिली. १८०२ सालीं फ्रान्समध्यें शातोब्रियां यानें ख्रिस्ती धर्माच्या महतीवरील आपल्या ग्रंथांत याच्याहि पुढची पायरी गांठली. मनुष्याचीं पहिलीं देवळें म्हणजे अरण्येंच, आणि गॉथिक मंदिरांत त्याच अरण्यांची आठवण दगडांत उतरली आहे, असें त्यानें मांडलें. सर जेम्स हॉल या स्कॉटिश भूगर्भशास्त्रज्ञानें तर ही कल्पना प्रयोगानें सिद्ध करण्याचें मनावर घेतलें. त्यानें जमिनींत अ‍ॅश वृक्षाचे वांसे रोंवले, त्यांस वाळुंजाच्या लवचिक काठ्या बांधल्या, त्या वांकवून एकमेकींत गुंफल्या आणि एक लहानसें हिरवें मंदिर उभें केलें. त्यांतील कांहीं काठ्यांस पालवीहि फुटली! १७९७ सालीं एडिंबरोच्या विद्वत्सभेपुढें त्यानें आपला सिद्धान्त मांडला आणि १८१३ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

सिद्धान्त मोठा गोड होता. पण तो टिकला नाहीं. रस्किननें १८५१ ते १८५३ या काळांत प्रसिद्ध झालेल्या 'व्हेनिसचे पाषाण' या ग्रंथांत त्याचा नेमका दोष दाखविला. गॉथिक इमारती झाडांसारख्या दिसतात हें खरें. परंतु त्या आरंभीं तशा दिसत नव्हत्या, उत्तरोत्तर तशा होत गेल्या. म्हणजे हें साम्य जन्माचें नसून वाढीचें आहे. दगडावर काम करतां करतां कारागिरांस पानाफुलांचें सौंदर्य अधिकाधिक उमगत गेलें, आणि त्यांचे हात त्या दिशेनें वळले. बांधकामाच्या शास्त्राकडे पाहिलें तरीहि हेंच दिसतें. पॅरिसजवळच्या सां-दनी येथील मठाधिपति स्युझे याच्या प्रेरणेनें बांधलेल्या आणि ११४४ सालीं समर्पण झालेल्या भागांत ही नवी रीत प्रथम एकत्र आलेली दिसते. टोंकदार कमान घेतली कीं कमी-अधिक रुंदीचे गाळे एकाच उंचीला नेतां येतात. छताच्या फांसळ्या वरचें वजन गोळा करून ठराविक खांबांवर आणून सोडतात. पुढें बाहेरून दिलेले तिरपे टेंकू भिंतींस बाहेर रेटूं पाहणारा जोर पेलूं लागले. भिंतीवरचें ओझें असें कमी झालें, म्हणून भिंतीच्या जागीं रंगीत कांचा बसवितां आल्या. स्युझेस प्रकाश हवा होता. त्याच्या मनांत झाडें होतीं असें मानण्यास आधार नाहीं.

तेव्हां इतिहास म्हणून ही उपमा खोटी ठरते. अनुभव म्हणून ती खरी आहे काय, हा प्रश्न मात्र उरतोच. येथें एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. पॅरिसच्या नोत्रदाम मंदिराचें बांधकाम ११६३ सालीं सुरू झालें. त्याच्या दगडी छताच्या वर, शिशाच्या पत्र्याखालीं, ओकच्या तुळयांचा एक प्रचंड सांगाडा होता. त्यास तेथील लोक 'रान' असेंच म्हणत. खालीं गुडघे टेकणाऱ्या भाविकास हें रान कधींच दिसत नसे. त्याच्या डोळ्यांपुढें असत ते खांब, म्हणजे उपमेंतलें रान. खरें रान त्याच्या डोक्यावर, अंधारांत, निमूटपणें पावसापासून त्याचें रक्षण करीत उभें होतें. १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळीं तें जळालें. त्या रात्रीं नदीकांठीं जमलेले लोक भजनें म्हणत होते, कांहीं रडत होते. त्यांतले कित्येक एरवीं प्रार्थनेस जाणारेहि नसतील. पुढें देशभरच्या जंगलांतून हजारांहून अधिक ओक निवडून आणले, जुन्या रीतीनें कुऱ्हाडीनें तासून तुळया घडविल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्यें मंदिर पुन्हां उघडलें. या हकीकतींत दोन निरनिराळ्या भावना आहेत. मंदिराची उंची पाहून होतो तो विस्मय. आणि मंदिर जळतांना पोटांत तुटतें तो आपलेपणा. उपमा देणारे या दोहोंची गल्लत करतात. म्हणून यापुढें त्यांचा विचार मी वेगवेगळा करणार आहें.

प्रथम विस्मय. नुसत्या मोजमापावर गेलों तर इमारतीनें रानाशीं झुंजूंच नये. फ्रान्समधील बोव्हे येथें गॉथिक कारागिरांनीं आपल्या महत्त्वाकांक्षेचें टोंक गांठलें. तेथील छत १२७२ सालीं पुरें झालें तेव्हां तें जमिनीपासून सुमारें ४८ मीटर उंच होतें. बारा वर्षांनीं, १२८४ सालीं, त्याचा मोठा भाग कोसळला. कॅलिफोर्नियांतील एक रेडवूड वृक्ष, ज्याचा शोध २००६ सालीं लागला, ११५ मीटरांहून उंच आहे. त्याच्या बुंध्याशीं बोव्हेचें छत ठेवलें तर तें त्याच्या निम्म्यालाहि पोहोंचणार नाहीं. तरी त्या वृक्षाची उंची ऐकून आपण 'अबब' म्हणतों, आणि बोव्हेची हकीकत ऐकून आपणांस कांहीं निराळेंच वाटतें. याचें कारण, इमारतीच्या विस्मयांत करणाऱ्याचा हिशेब असतो. वेरूळचें कैलास लेणें घ्या. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळांत, आठव्या शतकांत, सुमारें २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागील बाजूस १०७ फूट खोल असा डोंगराचा भाग वरून खालीं खोदीत आणला आणि मधोमध देऊळ शिल्लक ठेवलें. कळस आधीं, पाया शेवटीं! तेथें उभें राहणारा प्रत्येक जण मनांतल्या मनांत एकच विचारतो: हें केलें कसें? किती जणांनीं? किती वर्षें? एखादा घाव चुकला असता तर? आपण मनुष्य आहों आणि हेंहि मनुष्यानेंच केलें, या जाणिवेनें आपला ऊर भरून येतो. हा विस्मय शेवटीं आपणांकडेच परततो.

रानाच्या विस्मयास असा परतीचा रस्ता नाहीं. तेथें 'कसें केलें' हा प्रश्नच लागू पडत नाहीं. देवळास पुढची बाजू असते. महाद्वार, सभामंडप, गाभारा असा दृष्टीस घालून दिलेला मार्ग असतो, आणि त्या मार्गाच्या शेवटीं पाहण्याजोगें कांहीं तरी ठेवलेलें असतें. रानास पुढची बाजू नाहीं. जेथें उभे राहाल तेथें मध्य, आणि जिकडे पाहाल तिकडे तितकेंच. आपण तेथें नसतों तरी तें असेंच चाललें असतें, ही गोष्ट तेथील प्रत्येक पान सांगत असतें. इमारत आपणांस लहान करते ती पुन्हां मोठें करण्यासाठींच; रान लहान करतें आणि तसेंच सोडून देतें. म्हणूनच कीं काय, रानांतील विस्मयांत भीतीचा अंश अधिक असतो. आणि ज्याची भीति वाटते तें आपलें वाटावें कसें, असा प्रश्न सहज उभा राहतो. आपलेपणाचा विचार येथून सुरू होतो.

त्यासाठीं कार्ल्यास जावें. लोणावळ्याजवळचें तें चैत्यगृह ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदलें गेलें. सुमारें १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच अशा त्या दालनांत दोन्ही बाजूंस अष्टकोनी खांबांच्या रांगा आहेत. खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि त्यांवर स्वार आहेत. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे आहेत. येथेंहि रानाची उपमा ओठांवर येते. पण वर पाहा. छताच्या कमानदार पोटास लाकडाचे वांसे बसविलेले आहेत, आणि दोन हजार वर्षांपूर्वींचें तें सागवान अद्याप तेथें आहे. स्तूपावरचें छत्रहि लाकडाचें आहे. आतां, डोंगरांत कोरलेल्या गुहेच्या छतास वांशांची कांहीं गरज असते काय? तें छत स्वतःच डोंगर आहे. हे वांसे कशासहि आधार देत नाहींत. मग ते तेथें कां आले? उत्तर असें कीं, लोक ज्या सभागृहांत जमत असत तीं लाकडाचीं होतीं. कातळांत गेल्यावरहि घर घरासारखें दिसावें म्हणून त्यांनीं वांसे बरोबर नेले. म्हणजे कार्ल्याच्या कारागिरांनीं अरण्याची नक्कल केलेली नाहीं. त्यांनीं घराची आठवण जपली आहे. कातळ विस्मयासाठीं, लाकूड आपलेपणासाठीं.

याच ठिकाणीं एक विरोधाभास मनांत येतो. बुद्धाचें चरित्र झाडांखालीं घडलें. लुंबिनीच्या वनांत जन्म, अश्वत्थाखालीं बोध, सारनाथच्या मृगवनांत पहिलें प्रवचन, कुशीनगरास दोन शालवृक्षांमध्यें निर्वाण. अशा पुरुषाच्या अनुयायांनीं डोंगर कां फोडले? त्याचें कारण तत्त्वज्ञानांत शोधण्यापेक्षां आभाळांत शोधावें. पावसाळ्यांत भिक्षूंनीं फिरूं नये, एके ठिकाणीं वर्षावास करावा, असा संघाचा नियम होता. आणि सह्याद्रीचा पाऊस ज्यानें अंगावर घेतला आहे त्यास छपराचें महत्त्व सांगावयास नको. वास्तूचा पहिला धर्म निवारा देणें हा आहे. विस्मय मागाहून येतो. ज्या इमारतीनें कोणास तरी पावसांतून आंत घेतलें, तिच्याशींच मनुष्याचें नातें जडतें. कार्ल्याच्या खांबांवर दात्यांचे लेख आहेत. धेनुकाकट नांवाच्या गांवाचे कितीतरी लोक त्यांत आहेत आणि त्यांत यवन म्हणविणारेहि आहेत. ज्यानें खांब दिला त्याचें नांव खांबावर राहिलें. दूरदेशच्या मनुष्यानेंहि एक खांब द्यावा आणि त्या डोंगराचा व्हावें! देवळाशीं नातें असें देण्यानें जडतें.

परंतु भव्य वास्तु नेहमींच असें नातें जोडते असें नाहीं. महाभारतानें याचा एक धडा देऊन ठेवला आहे आणि आपण तो कौरव-पांडवांच्या भांडणाच्या गडबडींत विसरून जातों. कृष्ण आणि अर्जुन यांनीं खांडववन अग्नीस दिलें. पळणाऱ्या प्राण्यांस बाहेर पडूं दिलें नाहीं. त्या आगींतून तक्षकाचा पुत्र अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याचीं चार पिलें, इतकेच काय ते वांचले. प्राण वांचल्याच्या उपकाराची फेड म्हणून मयानें चौदा महिने खपून युधिष्ठिरास सभा बांधून दिली. जळलेल्या रानाच्या मोबदल्यांत आलेली ती सभा भारतीय वाङ्मयांतील विस्मयाची परमावधि होय. तेथें दुर्योधन स्फटिकाच्या जमिनीस पाणी समजून वस्त्र सांवरतो आणि पाण्यास जमीन समजून त्यांत पडतो. आणि पाहणारे हंसतात. विस्मय एवढा, कीं पाहुण्यास पाऊल कोठें ठेवावें तें कळूं नये! त्या हंसण्यांतून द्यूत निघालें, द्यूतांतून वनवास निघाला. ज्यांनीं वन जाळून सभा मिळविली त्यांस सभा सोडून वनांत राहावें लागलें. व्यासांनीं हा न्याय मुद्दाम जुळविला असें माझें म्हणणें नाहीं. पण कथेच्या ओघांत तो जुळला आहे, आणि तो वाचकानें पाहावा.

आतां रानाच्या आपलेपणाकडे येऊं. तो सर्वांत स्पष्ट दिसतो तो सह्याद्रींतल्या देवरायांत. गांवच्या सीमेवर, डोंगराच्या उतारावर, ओढ्याच्या उगमाशीं दोन-चार एकरांचा, क्वचित् त्याहून मोठा, झाडीचा तुकडा असतो. तो काळकाईचा, वाघजाईचा, सोमजाईचा किंवा भैरीचा. तेथील सुकी काटकीहि घरीं न्यावयाची नाहीं असा नियम. एखाद्या घरास आढें हवें झालें तर देवास कौल लावावयाचा, आणि मिळाला तरच झाडास हात लावावयाचा. आंत जातांना पायांत वहाण नाहीं. कित्येक ठिकाणीं देव म्हणजे झाडाखालचा एक तांदळा. आणि कांहीं देवतांना डोक्यावर छप्पर रुचत नाहीं अशी समजूत. १९७० नंतरच्या दशकांत डॉ. माधव गाडगील व डॉ. वर्तक यांनीं या रायांचा शास्त्रीय अभ्यास केला. आसपासच्या डोंगरांवरून पार नाहींशा झालेल्या वनस्पति येथें टिकून आहेत, मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली येथें आहेत, आणि गांवचें पाणी येथल्याच मुळांनीं धरून ठेवलें आहे, हें त्यामुळें सुशिक्षितांच्या नजरेस आलें. गांवकऱ्यांस तें आपल्या परीनें ठाऊकच होतें. त्यांनीं त्यास देवीचा कोप असें नांव दिलें होतें.

या नियमांकडे टीकाकाराच्या दृष्टीनें पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. देवळाशीं नातें देण्यानें जडतें. देवराईशीं नातें न घेण्यानें जडतें. पिढ्यानुपिढ्या शेंकडों माणसें जळणाच्या टंचाईंत त्या काटक्यांजवळून रिकाम्या हातानें गेलीं. तीच त्यांची पूजा. देवळाच्या खांबावर दात्याचें नांव असतें. न तोडलेल्या फांदीवर कोणाचें नांव लिहावयाचें? आपल्या वाङ्मयांतहि रानाच्या सोयरिकीची खूण हीच आहे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकांत कण्व मुनि आश्रमाच्या झाडांकडे शकुंतलेस निरोप देण्याची विनंति करतात. आणि तिची थोरवी सांगतांना तिनें झाडांस काय दिलें याबरोबरच काय घेतलें नाहीं हेंहि सांगतात: नटण्याची आवड असूनहि प्रेमापोटीं ती पालवी खुडीत नसे. देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतांत बसणाऱ्या तुकोबांनीं झाडावेलींस नातलगांच्या पंक्तीस बसविलें, तेंहि याच अर्थानें. नातलगांचें लांकूड कोणी विकीत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःच घेतों. रवीन्द्रनाथांनीं आपली संस्कृति तपोवनांत जन्मली आणि पाश्चात्यांची तटबंदीच्या आंत, अशी मांडणी केली आहे. ती सुंदर आहे. पण पुरती खरी नाहीं. खांडववन जाळणारे आपलेच होते, आणि रानास मंदिर म्हणणारा शातोब्रियां पाश्चात्यच होता. शिवाय आपलेपणाची भाषा बोलतांना कोण आंत आणि कोण बाहेर हें विचारलेंच पाहिजे. नाशिकचें काळाराम मंदिर काळ्या दगडाची एक भारदस्त वास्तु आहे. तिच्या दारांत २ मार्च १९३० पासून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला तो आंत पाऊल टाकूं द्यावें म्हणून. पंढरीच्या विठोबाचें दार सर्वांस उघडावें म्हणून १९४७ सालीं साने गुरुजींस उपोषण करावें लागलें. विस्मय दारांतूनहि दिसतो. आपलेपणास उंबरठा ओलांडावा लागतो. रानास दार नसतें म्हणून तें श्रेष्ठ, असें म्हणावें तर १८७८ च्या जंगल कायद्यानें रानासहि दार बसविलें, आणि पिढ्यान् पिढ्या तेथें राहणारे लोक एका लेखणीच्या फटकाऱ्यानें परके ठरले. तें दार थोडें किलकिलें होण्यास २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. गडचिरोलींतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तेव्हां आपलें रान आपलें आहे हें त्यांस कागदावर कळविण्यांत आलें! तेव्हां दगड वाईट आणि झाड चांगलें असा निवाडा मी देत नाहीं. देवराईंतहि कोठें कोठें स्त्रियांस मज्जाव असे. माझें म्हणणें एवढेंच कीं, दोन्ही ठिकाणीं आपलेपणाची रीत निरनिराळी आहे, आणि एकीच्या जागीं दुसरी बसवितां येत नाहीं.

पण नेमकें तेंच आज होत आहे. माझ्या आजोळीं, कोंकणांतल्या एका लहान गांवीं, काळकाईची राई होती. लहानपणीं तिच्या कडेनें जातांना आम्ही मुलें बोलणें थांबवीत असूं. कोणी सांगितलेलें नसे, आपोआप थांबे. कांहीं वर्षांपूर्वीं मामांचें पत्र आलें कीं, देवीच्या देऊळाचा जीर्णोद्धार ठरला आहे, तुझी वर्गणी हवी. जीर्णोद्धार हा शब्द वाचून मला आनंदच झाला आणि मीं पांच हजार रुपये पाठविले. पुढें गांवीं गेलों तेव्हां राईच्या जागीं मोकळें मैदान होतें, मधोमध सिमेंटाचें, पिवळ्या-तांबड्या रंगाचें शिखर होतें, आणि पुढें पत्र्याची शेड होती. वर्गणी पुरेना म्हणून राई विकली होती. मी रागावलों. मामा शांतपणें म्हणाले, "अरे, आपण स्लॅबखाली निजायचं आणि तिनं पावसात बसायचं? तुला तरी बरं वाटतं का?"

मला त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं, आणि त्या प्रश्नाची टिंगल करण्याची आजहि माझी छाती नाहीं. त्यांत प्रेम होतें. पावसांतून कोणास तरी आंत घ्यावें ही वास्तूमागची पहिली आणि सर्वांत चांगली प्रेरणा. तीच मामांच्या तोंडून बोलत होती. कार्ल्याचा डोंगर फोडणाऱ्यांची प्रेरणा याहून वेगळी नव्हती. चूक प्रेमांत नव्हती, उपमेंत होती. देऊळ म्हणजे दगडाचें रान आणि रान म्हणजे झाडांचें देऊळ, असें शिकलेल्यांनीं इतक्या वेळां म्हटलें आणि गांवकऱ्यांनीं आपल्या रीतीनें इतकें मानलें, कीं एक दिलें आणि दुसरें घेतलें तर हिशेब बरोबर सुटतो असें सर्वांस वाटलें. वस्तुतः देवी पावसांत बसलेली नव्हती. ती घरांतच होती. तिचें घर आपण विकलें आणि आलेल्या पैशांत तिला एक खोली बांधून दिली. मामांना हें आतां सांगतां येत नाहीं, कारण ते राहिले नाहींत. म्हणून येथें लिहितों.

नव्या देवळाच्या भिंतींत संगमरवरी पाटी आहे आणि देणगीदारांच्या यादींत माझें नांव आहे. राईखालचा झरा पूर्वीं वैशाखांतहि वाहत असे. तो आतां होळीच्या सुमारास आटतो. गेल्या खेपेस मी त्या मैदानाच्या कडेस उभा होतों तेव्हां एक म्हातारी दर्शनास आली. देवळाची पायरी तिच्यापासून अजून शंभर पावलें दूर होती. पूर्वीं जेथें राईची हद्द लागत असे, तेथें, भर उन्हांत, कोठेंहि खूण नसतांना ती थांबली, तिनें चपला काढल्या, आणि तापलेल्या मातीवरून अनवाणी पुढें गेली.